डीपीटीला प्रवेश मिळेपर्यंत

न्यू जर्सीतल्या एका फिजिकल थेरपी, म्हणजे आपल्याकडच्या फिजिओथेरपीच्या, क्लिनिकच्या रिसेप्शनवर मी तीन वर्षं काम केलं. फोन घ्यायचे, अपॉइंटमेंट द्यायच्या, इन्शुरन्सवाल्यांशी बोलायचं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून लग्नानंतर इकडे आले आणि ग्रीन कार्ड येईपर्यंत आठ वर्षं घरीच होते, त्यामुळे हे काम मला मनापासून आवडायचं. काचेपलीकडे पेशंटचे व्यायाम चाललेले दिसायचे. तिकडे आपण कधी जाऊ, असं मात्र मनात आलं नव्हतं.

२०२१ मध्ये एका सकाळी साठीच्या एक बाई पोटरी दुखते म्हणून आल्या. लांबचा विमानप्रवास झालाय, स्नायू आखडला असेल, जरा मसाज करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्या थेरपिस्टनी त्यांना झोपवलं, दोन्ही पोटऱ्यांना हात लावून पाहिला आणि खिशातून टेप काढली. शिंप्याच्या गळ्यात असते ना, तसलीच साधी पिवळी टेप. दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. दुखरी पोटरी तीन सेंटिमीटरहून जास्त भरली, शिवाय गरम लागत होती. मसाजचं नावही न काढता त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "यांना आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीला पाठवायचंय, शिरेत गुठळी असू शकते." संध्याकाळी बाईंच्या मुलीचा फोन आला. गुठळीच होती. तिथे चोळलं असतं तर ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका होता.

त्या रात्री मी पहिल्यांदा शोधलं, की हे काम करायला नेमकं काय शिकावं लागतं.

अमेरिकेत २०१६ पासून फिजिकल थेरपिस्ट व्हायचं असेल तर डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी, हीच पदवी घ्यावी लागते. पदवीनंतरचा साधारण तीन वर्षांचा अभ्यासक्रम. तो कॅप्टे या संस्थेने मान्य केलेला असावा लागतो, नाहीतर पुढे एनपीटीई ही लायसन्सची परीक्षा देता येत नाही. भारतातून बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करून आलेल्यांची वाट वेगळी असते. त्यांच्या शिक्षणाचं मूल्यमापन होऊन ते त्याच परीक्षेकडे जाऊ शकतात. माझ्याकडे बीपीटी नव्हती, त्यामुळे मला पहिल्यापासून सुरुवात करायची होती.

बहुतेक सगळे अर्ज पीटीकॅस या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून जातात. जूनच्या मध्याला ती उघडते. अर्जाला लागणाऱ्या गोष्टींची यादी वाचून मला वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांत जमवू. त्याला दोन वर्षं लागली.

सुरुवात प्रीरिक्विझिटपासून. प्रवेशाआधी झालेलेच असावेत असे विषय: अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी भाग एक आणि दोन, केमिस्ट्रीचे दोन भाग, फिजिक्सचे दोन भाग, हे सगळे लॅबसकट, शिवाय बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजीचे एक-दोन पेपर. प्रत्येक कॉलेजची यादी थोडी वेगळी. कुणाला स्टॅटिस्टिक्स कुठल्याही विभागातलं चालतं, तर बायॉलॉजीच्या जागी बॉटनी कुणी घेत नाही. केमिस्ट्री तर माझ्या हक्काची, असं मी धरून चालले होते. चार कॉलेजांना ईमेल केले आणि चार वेगळी उत्तरं आली. एकाने एम.एस्सी. पाहून केमिस्ट्री मान्य केली. दुसऱ्याने सांगितलं, दहा वर्षांहून जुने विज्ञानाचे विषय धरत नाही. तिसऱ्याला सगळे प्रीरिक्विझिट अमेरिकेतल्याच कॉलेजचे हवे होते. चौथ्याने आधी भारतातल्या पदव्यांच्या मूल्यमापनाचा अहवाल पाठवा म्हणून कळवलं.

त्या दिवशी मी खूप रडले. पाच वर्षं ज्या विषयात घालवली, त्याचा पहिल्या वर्षाचा पेपर पुन्हा देणं हा मला अपमान वाटत होता. आज विचाराल तर अॅनाटॉमीसाठी ही मुदतीची अट मला पटते. शरीररचना विसरली जाते, आणि ज्याच्या हातात पेशंट द्यायचा त्याला ती तोंडपाठ असायला हवी. स्टॅटिस्टिक्सचा पेपर बारा वर्षांपूर्वीचा म्हणून नाकारणं मात्र मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. युनिव्हर्सिटीच्या मानाने फी बरीच कमी असते आणि संध्याकाळचे वर्ग असतात. मी अर्ज करणार होते त्या सगळ्यांना कम्युनिटी कॉलेजचे विषय चालत होते, पण तेही आधी ईमेल करून विचारून घेतलं. वर्गात बाकीची मुलं अठरा-एकोणीस वर्षांची, मी सदतीस. मुलाला शाळेतून आणायचं, स्वयंपाक उरकायचा, नवरा घरी आला की गाडीची किल्ली त्याच्या हातून घ्यायची आणि निघायचं.

अॅनाटॉमीची लॅब प्रॅक्टिकल मी विसरणार नाही. खोलीभर टेबलं मांडलेली, प्रत्येकावर एखादं हाड किंवा मॉडेल, त्यात टाचणी टोचलेली, खाली नंबर. एका टेबलापाशी एक मिनिट. घंटा झाली की पुढे सरकायचं, मागे वळून बघायचं नाही. स्पेलिंग चुकलं की अर्धा मार्क गेला. पहिल्या वेळी मला शंभरात एकाहत्तर मिळाले. खांद्याच्या फऱ्यावरचे उंचवटे मी डाव्या-उजव्याची गल्लत करून लिहिले होते. नंतर दर शनिवारी लॅबमध्ये जाऊन ते हाड हातात घेऊन बसायचे, डोळे मिटून बोटांनी कडा चाचपायच्या आणि ही कुठली बाजू ते ओळखायचं. चित्र पाहून जे डोक्यात राहत नव्हतं, ते बोटांनी ठेवलं. सेमिस्टरच्या शेवटी ए मिळाली.

फिजिक्सची मला धास्ती होती, पण तोच विषय सगळ्यात जास्त आवडला. तरफेचं प्रकरण चाललं होतं. हातात पाच किलो वजन धरून कोपर काटकोनात ठेवलं, तर दंडाच्या स्नायूला किती जोर लावावा लागेल, असं गणित होतं. स्नायू कोपराच्या सांध्यापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला, वजन मात्र पस्तीस सेंटिमीटरवर. उत्तर आलं चाळीस किलोच्या आसपास. पाच किलोची पिशवी उचलताना आपला दंड चाळीस किलोचा जोर लावत असतो!

त्याच आठवड्यात क्लिनिकमध्ये उजवा खुबा झिजलेले एक आजोबा आले. काठी उजव्याच हातात, दुखऱ्या बाजूला. सगळ्यांना तेच बरोबर वाटतं. थेरपिस्टनी ती डाव्या हातात द्यायला सांगितली. काचेमागे बसून मी कागदावर आकृती काढली. उजव्या पायावर उभं राहिलं की शरीराचं वजन कंबर डावीकडे झुकवायला बघतं, आणि ती सावरायला उजव्या खुब्याबाहेरचा स्नायू सांध्याच्या अगदी जवळून जीव खाऊन ओढत असतो. सांध्यावरचा खरा भार त्या ओढीमुळे वाढतो. काठी डाव्या हातात असली की ती सांध्यापासून लांब पडते, म्हणून थोडासा रेटासुद्धा स्नायूचं बरंच काम हलकं करतो. आजोबा चार पावलं चालले आणि थांबून म्हणाले, "हे मला आधी कुणीच का सांगितलं नाही?" प्रवेशासाठी फिजिक्स कशाला हवं, हा प्रश्न त्यानंतर मला पडला नाही.

मार्कांबद्दल एक गोष्ट आधी माहीत असायला हवी. बहुतेक ठिकाणी किमान जीपीए, म्हणजे ग्रेडची चारपैकी सरासरी, ३.० मागतात, पण निवड होणाऱ्यांची सरासरी साडेतीनच्या वर असते. एखादा विषय पुन्हा देऊन चांगली ग्रेड मिळवली, तरी पीटीकॅस पहिली ग्रेड पुसत नाही, दोन्ही धरून सरासरी काढते. विज्ञानाच्या विषयांची सरासरी वेगळी काढतात. म्हणून झेपतील तेवढेच विषय एका सेमिस्टरला घ्या. वर्गातल्या एका मुलीने एकदम चार घेतले, दोनात सी आली, आणि त्या दोन सी अजून तिचा पाठलाग करताहेत. फार गुणी मुलगी आहे, तिचं वाईट वाटतं.

जीआरई, म्हणजे पदवीनंतरच्या प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा, मी २०२२ मध्ये दिली. तेव्हा ती पावणेचार तासांची होती. सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते. बऱ्याच कॉलेजांनी आता ती मागणं बंद केलंय, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा मला कुणी मागितली नाही, इथल्या कॉलेजातले विषय पुरले.

आता ऑब्झर्व्हेशनचे तास. थेरपिस्टबरोबर उभं राहून काम बघायचं आणि त्याचे तास लिहून घ्यायचे. कुणी चाळीस मागतं, कुणी शंभरच्या वर. कोविडच्या काळात हॉस्पिटलांनी बाहेरच्यांना दारं बंद केली होती, तेव्हा अनेक कॉलेजांनी अट सैल केली होती, पण मी तयारीला लागले तोवर ती पुन्हा लागू होत होती. मी तर निर्धास्त होते, क्लिनिकमध्येच नोकरी करते, तासांचं काय एवढं! पण रिसेप्शनवरचे तास त्यात धरत नाहीत. मग सुट्टीच्या दिवशी आणि जेवणाच्या वेळेत आत उभी राहू लागले. साठ तास भरले आणि कळलं, त्यातले बावीस तास मी पीटीएबरोबर घालवले होते. पीटीए म्हणजे फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट, दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेले. मी ज्या कॉलेजांना अर्ज करणार होते, त्यांना लायसन्स असलेल्या फिजिकल थेरपिस्टबरोबरचेच तास हवे होते. बावीस तास वहीतून खोडले. ज्या दादांबरोबर ते घालवले होते, त्यांच्याकडून मी पेशंटशी बोलायचं कसं ते शिकले, पण अर्जात त्याला जागा नव्हती.

कागदपत्रांची निम्मी लढाई माझ्या धाकट्या भावाने लढली. माझ्या विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांचं अधिकृत गुणपत्रक, बंद पाकिटात, पाकिटाच्या चिकटवलेल्या पट्टीवर सही-शिक्का मारून, मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे जायला हवं होतं. तो परीक्षा विभागात पाच वेळा गेला. तिसऱ्या वेळी फोनवर म्हणाला, "ताई, पाकीट मिळालं, पण शिक्का आत कागदावर मारलाय, पट्टीवर नाही." मी म्हटलं, "परत कर, नवीन घे." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "बरं. उद्याची रजा टाकतो." त्याने एकदाही कुरकूर केली नाही. अहवाल आला, त्यात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मिळून इथल्या पदवीइतकं शिक्षण झाल्याचा निर्वाळा होता. तीन वर्षांची नुसती बी.एस्सी. असेल, तर ती पदवी म्हणून चालते का हे प्रत्येक कॉलेजला वेगळं विचारा. तिथे बरेच जण अडकतात.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये चार ठिकाणी अर्ज केले. चारही ठिकाणी नकार.

फेब्रुवारीत शेवटचा नकार आला. नवरा म्हणाला, "एक वर्ष अजून. नाही झालं तर तेव्हा बघू." एका कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला मी फोन केला, माझ्या अर्जात काय कमी होतं ते सांगाल का? तिथल्या बाईंनी माझी फाईल उघडून वीस मिनिटं दिली. सगळे तास एकाच क्लिनिकमधले. हॉस्पिटल नाही, लहान मुलं नाहीत, पक्षाघाताचे पेशंट नाहीत. आणि शिफारसपत्र देणाऱ्या एकांनी पत्र नोव्हेंबरच्या शेवटी चढवलं, तोवर अर्ज अपुराच राहिला. ही पत्रं देणाऱ्याने स्वतः थेट पाठवायची असतात, आपल्या हातात काही नसतं. बरीच कॉलेजं अर्ज येतील तसे वाचून जागा भरत जातात, त्यामुळे शेवटच्या तारखेला पोचलेला अर्ज आणि जुलैत पोचलेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शेवटची तारीख ही माझ्यासाठी तारीखच नव्हती, हे मला त्या फोनवर कळलं.

मार्चपासून एका हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. तिथली एक सकाळ सांगते. पक्षाघात होऊन आठवडा झालेले एक गृहस्थ पलंगाच्या कडेला बसले होते. डावा हात मांडीवर निपचित. थेरपिस्टनी त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, दुबळ्या बाजूला स्वतः उभ्या राहिल्या आणि आपल्या गुडघ्याने त्यांचा डावा गुडघा समोरून अडवला. "पुढे वाका. आणखी. नाक पायाच्या बोटांवर येऊ दे." ते मागेच रेलायचे, पडायच्या भीतीने. तीनदा प्रयत्न फसला. चौथ्यांदा थेरपिस्टनी त्यांच्यासमोर स्टूल ठेवलं आणि चांगला हात त्यावर ठेवून पुढे सरकवायला लावला. हात पुढे गेला तसं धड पुढे गेलं आणि बूड अलगद उचललं गेलं. दहा सेकंद ते उभे होते. त्यांच्या बायकोने तोंडावर हात धरला. आठ महिने मी ज्या स्नायूंची नावं घोकली होती, ते सगळे त्या दहा सेकंदांत थरथरताना दिसत होते.

हे मी निबंधात लिहिलं. पीटीकॅसचा निबंध साडेचार हजार अक्षरांचा, मोकळ्या जागा धरून. पहिल्या वर्षी मी त्यात माझा सगळा जीवनपट कोंबला होता. दुसऱ्या वर्षी फक्त पोटरी आणि टेप, ही सकाळ, आणि काठीची आकृती. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने वाचून दोन परिच्छेद काढायला लावले, आणि ते काढल्यावरच तो निबंध उभा राहिला.

जूनमध्ये पीटीकॅस उघडलं, तेव्हा माझं सगळं तयार होतं. पत्रं देणाऱ्या तिघांना एप्रिलमध्येच भेटून आले होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सहा अर्ज गेले. पीटीकॅस प्रत्येक विषय ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघते, त्यात काही आठवडे जातात, हेही या वेळी धरलं होतं.

तीन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. एकीकडे छोट्या-छोट्या खोल्यांत सहा जणांनी सहा प्रसंग दिले. पेशंट चालायला नकार देतो, काय कराल? सहकाऱ्याने न दिलेली ट्रीटमेंट नोंदवली, काय कराल? दुसरीकडे एका प्राध्यापकांनी सरळ विचारलं, "पीटीए होऊन दोन वर्षांत कामाला लागता येईल. तीन वर्षं आणि एवढं कर्ज कशासाठी?" प्रश्न रास्त होता. खाजगी कॉलेजांची नुसती फीच अनेकदा एक लाख डॉलरच्या वर जाते, आणि घरी हीच चर्चा आम्ही महिनोन्महिने केली होती. मी त्यांना पोटरी आणि टेपच्या त्या सकाळचं सांगितलं. ठरलेला व्यायाम मी पीटीए म्हणूनही उत्तम करून घेईन. पण समोरच्या माणसाला तपासायचं, हे माझं काम आहे की त्याला आत्ता डॉक्टरकडे धाडायला हवं, हा निर्णय थेरपिस्टचा असतो. सगळ्या पन्नास राज्यांत आता पेशंट कमी-अधिक प्रमाणात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट थेरपिस्टकडे येऊ शकतो, म्हणजे पहिला हात त्यांचाच लागणार. तो निर्णय घ्यायची पात्रता मला हवी आहे. ते लिहीत होते, मान वर करून म्हणाले, "थँक यू." पुढे काही विचारलं नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये, मी मुलाच्या पोहण्याच्या क्लासबाहेर बसले असताना, त्यांच्याच कॉलेजचा ईमेल आला. आधी नवऱ्याला आणि मग भारतात रात्रीचे अडीच वाजलेत हे माहीत असूनही भावाला फोन केला.

प्रवेशानंतरही यादी होतीच: पार्श्वभूमीची तपासणी, सीपीआरचं सर्टिफिकेट, लसींचे पुरावे. माझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड आईकडेही सापडलं नाही, म्हणून रक्तातून अँटिबॉडी तपासाव्या लागल्या. गोवर, कांजिण्या ठीक निघाल्या, हेपॅटायटिस बीचे डोस पुन्हा घ्यावे लागले. ते सहा महिन्यांत पुरे होतात, तेव्हा हेही उशिरावर टाकू नका. टीबीची चाचणी करायला नर्स त्वचेत द्यायचं इंजेक्शन घेऊन आली. मी बाही वर करून दंडावरचा बीसीजीचा वण दाखवला. आपल्याकडच्या बहुतेकांना तो असतो, आणि त्या लसीमुळे त्वचेची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे आणि पुढचं सगळं मागे लागतं. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. नर्सने वण बघितला, "मग रक्तच घेऊ," म्हणाली. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि पोर्टलवरचा शेवटचा लाल चौकोन हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजकडून पहिल्या सेमिस्टरला लागणाऱ्या वस्तूंची यादी आली. सांध्याचे कोन मोजायचा गोनिओमीटर, पेशंटच्या कमरेला बांधायचा गेट बेल्ट, रिफ्लेक्स हॅमर, लॅबचे कपडे, आणि मोजायची टेप.